निळ्या पाण्यातून तांबं: सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनची पहिली शिकवणी

बडोद्याच्या मकरपुरा, नंदेसरी, मंजुसर अशा कुठल्याही जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, फिरा. ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, बसबार, तारा यांचं हे गाव असल्याने कुठल्या ना कुठल्या शेडमागे निळ्या पाण्याचं पीप दिसतंच. कुणाकडे ते पिकलिंगमधून, म्हणजे आम्लात बुडवून धातू साफ करण्यातून, येतं, तर कुणी तांब्याची राख किंवा सर्किट बोर्डाची पूड गंधकाम्लात विरघळवतो. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे पिपात लोखंडी भंगार टाकणं. तांबं लालसर भुकटी होऊन खाली बसतं आणि लोखंड पाण्यात जातं. हिशेबाने एक ग्रॅम तांब्यामागे ०.८८ ग्रॅम लोखंड जातं, प्रत्यक्षात त्याहून जास्त. मग ते लोखंड ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांत) चुना टाकून पाडायचं, गाळ भरून पाठवायचा आणि ओल्या, मळक्या भुकटीला भंगारवाला देईल तो भाव घ्यायचा.

दुसरा रस्ता सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनचा. तांबं निवडून उचलणारं एक तेलकट रसायन केरोसीनसारख्या द्रवात मिसळायचं. हे झालं ‘ऑरगॅनिक’. ते निळ्या पाण्यात घुसळलं की तांबं ऑरगॅनिकमध्ये येतं, लोखंड-जस्त-निकेल बहुतांशी पाण्यात राहतं. भरलेलं ऑरगॅनिक मग कडक गंधकाम्लाशी घुसळायचं. तांबं त्यात उतरतं, आणि त्या शुद्ध, दाट द्रावणातून विजेने तांब्याचा पत्रा काढायचा. जगात खाणीतून येणाऱ्या तांब्याचा बराच मोठा भाग, मुख्यतः चिली, अ‍ॅरिझोना आणि मध्य आफ्रिकेतला, आज याच मार्गाने येतो.

हे लिहितोय ते बीएस्सी किंवा डिप्लोमा करून नुकतेच प्लांटवर लागलेल्यांसाठी, आणि कलाभवनात (म. स. विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी शाखेत) मेटलर्जी शिकणाऱ्या, पण मिक्सर-सेटलर, म्हणजे घुसळायची टाकी आणि थर वेगळे व्हायची टाकी, फक्त वहीत काढलेल्या मुलांसाठी. एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. घुसळण सुरू झाल्यावर रसायन आपलं काम दोन-तीन मिनिटांत उरकतं. तेच ऑरगॅनिक मात्र वर्षानुवर्षं फिरत राहतं आणि प्लांटमधला सगळ्यात महाग द्रव तोच असतो. त्यामुळे खालची प्रत्येक पायरी वाचताना ‘याने ऑरगॅनिक स्वच्छ राहील की खराब होईल?’ हे विचारत चला.

पायरी १: आपलं पाणी ओळखा

शेठ म्हणतात ‘कॉपर सल्फेट आहे’, तेवढ्यावर विसंबू नका. तांबं, लोखंड, मँगनीज, क्लोराइड, नायट्रेट, पीएच आणि तरंगता गाळ एवढं मोजा. ही सगळी पद्धत आम्लधर्मी सल्फेट द्रावणासाठी आहे. तांबं लिटरला १ ते ६ ग्रॅम आणि पीएच दीड ते दोन असला तर काम सोपं. सर्किट बोर्डाच्या अमोनियावाल्या एचंटला (बोर्डावरचं नको असलेलं तांबं विरघळवणाऱ्या द्रावणाला) वेगळ्या जातीचं रसायन लागतं आणि दाट क्युप्रिक क्लोराइड थेट इथे आणू नये. ते दोन्ही विषय इथे घेत नाही.

बोर्डाची पूड हायड्रोजन पेरॉक्साइड घालून विरघळवली असेल तर विशेष जपा. उरलेलं पेरॉक्साइड रसायनाला हळूहळू खातं. आयोडाइड-स्टार्चच्या पट्टीने ते तपासायला गेलात तर फसाल, कारण क्युप्रिक तांबंही आयोडाइडमधून आयोडीन सोडतं आणि पट्टी तशीही निळी होते. सरळ उपाय म्हणजे द्रावण ६०-७० अंशांवर बुडबुडे थांबेपर्यंत तापवायचं आणि मग थंड होताना तांब्याच्याच कात्रणांवर ठेवायचं. उरलंसुरलं पेरॉक्साइड ती कात्रणं विरघळवण्यात संपतं, आणि विरघळलेलं तांबं आपल्यालाच मिळतं. नायट्रिक वापरून केलेलं द्रावण असेल तर मी नाही म्हणेन. नायट्रेट, तेही कमी पीएचला, या रसायनांचं वाटोळं करतं.

मग गाळणी. पाणी डोळ्यांना नितळ दिसलं म्हणजे झालं असं नाही. तरंगता गाळ लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आणायचा प्रयत्न करा. फिल्टर प्रेसमध्ये गेलेला पैसा पुढे सेटलरमध्ये वाचतो.

पायरी २: रसायन आणि तेल

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल मिल्सने ‘लिक्स’ मालिकेची रसायनं काढली. १९६८ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या रँचर्स ब्लूबर्ड खाणीवर त्यांचा पहिला व्यापारी प्लांट चालू झाला. धान्याचं पीठ विकणाऱ्या कंपनीने तांब्याची खाण बदलून टाकली, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे ब्रिटनच्या आयसीआयने ‘अकोर्गा’ आणली. आज बाजारात मुख्य नावं हीच दोन, मालक मात्र बदलत गेले.

ही सगळी हायड्रॉक्सी-ऑक्झाइम. त्यांच्यात दोन स्वभाव आहेत. अल्डॉक्झाइम ताकदवान असतं. कमी पीएचलाही तांबं पकडतं आणि पटकन पकडतं, पण सोडताना हट्ट धरतं. म्हणून त्यात ट्रायडेकॅनॉल किंवा एखादं एस्टर ‘मॉडिफायर’ म्हणून घालतात. कीटॉक्झाइम जरा मवाळ. पीएच थोडा चढा मागतं, पण साध्या आम्लात तांबं सहज सोडतं. लिक्स ९८४एन हे दोन्हींचं जवळपास निम्मं-निम्मं मिश्रण आहे आणि नवख्याने सुरुवात त्यानेच करावी. पाण्याचा पीएच एकच्या आसपास असेल तर अकोर्गा एम५६४० सारखं मॉडिफायरवालं अल्डॉक्झाइम बघा.

तेलाच्या बाबतीत मात्र कंजूषपणा करू नका. साध्या केरोसीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेटू शकते ते तापमान, जेमतेम ३५ अंशांपासून सुरू होतो, आणि मे महिन्यात बडोद्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये किती तापमान असतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे तेलावर पेटणारी वाफ दिवसभर तरंगत राहणार. फ्लॅश पॉइंट ७० च्या वर आणि अ‍ॅरोमॅटिक्स कमी असलेलं तेलच डायल्युएंट म्हणून, म्हणजे रसायन पातळ करायला, घ्या. ऑस्ट्रेलियातल्या ऑलिम्पिक डॅमच्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन प्लांटला १९९९ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये आग लागली. तेव्हापासून या धंद्यात प्लास्टिक पाइपमधून वेगाने वाहणाऱ्या ऑरगॅनिकवर साठणाऱ्या स्थिर विजेची भीती सगळ्यांच्या मनात बसली. तेव्हा ऑरगॅनिकच्या लाइनी धातूच्या, अर्थिंग केलेल्या हव्यात, वेग कमी हवा आणि टाकीत भरताना पाइपचं तोंड द्रवात बुडालेलं हवं.

पायरी ३: बीकरमध्ये बघा

१०० मिली रसायन, ९०० मिली डायल्युएंट. हे १० टक्क्यांचं ऑरगॅनिक आधी लिटरला १८० ग्रॅम गंधकाम्लाच्या द्रावणाशी एकदा घुसळा, वेगळं करा, मग पाण्याने धुवा. नव्या रसायनातली किरकोळ अशुद्धी यात निघून जाते. आम्ल बनवताना आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आता सेपरेटिंग फनेल बाजूला ठेवा. त्यात समतोल कळतो, वेगळं होण्याचा वेग कळत नाही. एक लिटरचा बीकर घ्या, आत दोन-तीन बॅफल (कडेला उभ्या पट्ट्या), वरून स्टरर. २५० मिली पाणी, २५० मिली ऑरगॅनिक. पाती आधी ऑरगॅनिकच्या थरात ठेवून स्टरर चालू केलात तर ऑरगॅनिकमध्ये पाण्याचे थेंब तरंगतात, याला ‘ऑरगॅनिक कंटिन्युअस’ म्हणतात. पाती पाण्यात ठेवून सुरू केलात तर उलट, म्हणजे ‘अ‍ॅक्वस कंटिन्युअस’. कंडक्टिव्हिटीचा प्रोब बुडवा. काटा हलला तर पाणी कंटिन्युअस, मेलेला असला तर ऑरगॅनिक. पुढे प्लांटवर हाच फरक रोज बघायचा आहे, म्हणून दोन्ही प्रकार इथेच करून डोळ्यांना सवय लावा.

तीन मिनिटं घुसळा, स्टरर बंद, स्टॉपवॉच चालू. पाण्याचा निळा रंग उडालेला आणि फिकट पिवळं ऑरगॅनिक गडद तपकिरी झालेलं दिसेल. दोन थर स्वच्छ वेगळे व्हायला किती सेकंद लागले ते लिहा. एक-सव्वा मिनिटाच्या आत झालं तर ठीक. हा आकडा तारीख, तापमान आणि कंटिन्युइटीसह वहीच्या पहिल्या पानावर राहू द्या. सहा महिन्यांनी प्लांटवर काही बिघडलं की तुलनेला दुसरं काही हाताशी नसतं. डिसेंबरच्या सकाळी हेच थर फुटायला जास्त वेळ घेतात, कारण थंडीत तेल घट्ट होतं. ते बिघाड समजू नका.

तांबं मोजायला मोठं यंत्र लागत नाही. १० मिली पाणी घ्या, अमोनियाने हलका निळा रंग येईपर्यंत उदासीन करा, मग अ‍ॅसिटिक आम्ल घाला. लोखंड गप्प बसवायला चिमूटभर सोडियम फ्लोराइड, मग पोटॅशियम आयोडाइड. सुटलेलं आयोडीन ०.१ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट करा, शेवटाकडे स्टार्च. एक मिली थायोसल्फेट म्हणजे ६.३५५ मिलिग्रॅम तांबं. पहिल्या पायरीत पट्टीला फसवणारी अभिक्रिया इथे कामाला येते. ऑरगॅनिकमधलं तांबं मोजायचं असेल तर ते लिटरला २०० ग्रॅम आम्लाने दोन-तीनदा धुऊन पाण्यात उतरवा आणि तेच टायट्रेशन करा. फ्लोराइड आणि आम्ल एकत्र आले की हायड्रोफ्लुओरिक आम्ल बनतं, म्हणून हातमोजे आणि हूड सोडू नका.

मग आयसोथर्म, म्हणजे दोन थरांत तांबं कसं वाटलं जातं त्याची वक्ररेषा. पाणी आणि ऑरगॅनिकचं प्रमाण ५:१, २:१, १:१, १:२, १:५ असं बदलत दहा-दहा मिनिटं घुसळा आणि दोन्ही थरांतलं तांबं आलेखावर मांडा. त्यावर आपल्या प्रवाहांच्या प्रमाणाची सरळ रेषा काढून जिना उतरवला की किती टप्पे लागतील ते दिसतं. याला मॅकेब-थिली म्हणतात, डिस्टिलेशनमध्ये केलंय तेच. बहुतेक साध्या पाण्यांना उचलण्याचे दोन टप्पे आणि उतरवण्याचा एक पुरतो.

पायरी ४: कागदावरचा हिशेब

समजा तासाला १०० लिटर पाणी, त्यात लिटरला ३ ग्रॅम तांबं. त्यातलं ९० टक्के, म्हणजे २.७ ग्रॅम, उचलायचं आहे. लिक्स ९८४एनचं १ टक्का ऑरगॅनिक लिटरला जास्तीत जास्त अर्धा ग्रॅमच्या आसपास तांबं धरतं. पण उतरवल्यावरही काही तांबं त्यात राहतं, त्यामुळे प्रत्यक्ष ने-आण टक्क्यामागे पाव ग्रॅमच्या थोडी वर असते. १० टक्क्यांवर ती २.५ ते २.७ येते. म्हणजे समान प्रवाहात १० टक्के ऑरगॅनिक अगदी काठावर पुरतं. मी असतो तर ११ टक्के घेतलं असतं. त्याहून वर मात्र नाही, कारण रसायन जितकं जास्त तितकं द्रव घट्ट आणि थर फुटायला वेळ. टक्केवारी वाढवून सगळं सुटतं असं वाटणारे खूप भेटतात.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. उचललेल्या प्रत्येक ग्रॅम तांब्यामागे १.५४ ग्रॅम गंधकाम्ल पाण्यात परत सुटतं. २.७ ग्रॅममागे लिटरला चार ग्रॅमहून जास्त. म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा, म्हणजे रॅफिनेटचा, पीएच सव्वाच्या आसपास येतो आणि जितका तो पडतो तितकं रसायन तांबं पकडायला कुरकुरतं. दाट पाण्यातून एका झटक्यात सगळं तांबं निघत नाही ते याच कारणाने.

मिक्सरमध्ये तीन मिनिटं हवीत. दोन्ही मिळून तासाला २०० लिटर, म्हणजे १० लिटरचा मिक्सर. सेटलरच्या तासाला चौरस मीटरमागे ४ घनमीटर धरले तर ०.०५ चौरस मीटर. टेबलावर मावेल असा प्लांट झाला, आणि शिकायला हाच आकार योग्य. शेवटी तासाला २७० ग्रॅम, दिवसाला साधारण साडेसहा किलो तांबं.

पायरी ५: चालवा

पाणी पहिल्या टप्प्यात शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतं, ऑरगॅनिक उलट दिशेने येतं. रिकामं ऑरगॅनिक थकलेल्या पाण्याला भेटतं, अर्धं भरलेलं ताज्या पाण्याला.

सुरुवातीला सगळ्या टाक्या आधी ऑरगॅनिकने भरा, स्टरर चालू करा, मग हळूहळू पाणी सोडा. पाती वेगाने फिरवायचा मोह होतो. जास्त घुसळण म्हणजे धुक्यासारखे बारीक थेंब, आणि ते सेटलरमध्ये तासभर थांबूनही खाली येत नाहीत. दोन्ही द्रव एकजीव दिसू लागले की वेग तिथेच सोडा.

कंटिन्युइटीचं साधं सूत्र असं: जो थर पुढे स्वच्छ जायला हवा, तो घुसळताना थेंबांच्या रूपात ठेवायचा. पहिल्या टप्प्यातून भरलेलं ऑरगॅनिक स्ट्रिपिंगला, म्हणजे तांबं आम्लात उतरवायला, जातं. त्याच्यासोबत लोखंडी पाणी जाऊ नये म्हणून तिथे पाणी कंटिन्युअस ठेवा. दुसऱ्या टप्प्यातून रॅफिनेट बाहेर जातं. त्यासोबत महाग ऑरगॅनिक वाहून जाऊ नये म्हणून तिथे ऑरगॅनिक कंटिन्युअस. स्ट्रिपिंगमध्येही ऑरगॅनिक कंटिन्युअस, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमध्ये (तांबं उतरवून घेणाऱ्या आम्लाच्या द्रावणात) तेल जाणार नाही. रात्रपाळीत एखादा टप्पा आपोआप उलटतो. कंडक्टिव्हिटी मीटर बघायला कुणी उठत नाही आणि सकाळी रॅफिनेटवर इंद्रधनुषी तवंग दिसतो. त्यासाठी दर तासाची नोंद हवी. उलटलेला टप्पा परत आणायचा तर कंटिन्युअस हव्या असलेल्या द्रवाचा प्रवाह थोडा वेळ वाढवायचा, मिक्सर पलटला की प्रमाण पूर्ववत करायचं.

रसायन लोखंडाला अगदीच हात लावत नाही असं नाही, पण तांबं झटपट पकडतं आणि लोखंड सावकाश. म्हणून गरजेपेक्षा जास्त वेळ घुसळणं दुहेरी तोट्याचं. पुढे पोचणारं बहुतेक लोखंड मात्र रसायनाने पकडलेलं नसून ऑरगॅनिकमध्ये अडकून गेलेल्या थेंबांतलं असतं.

क्रड: इथे सगळ्यांची परीक्षा होते

काही दिवसांनी सेटलरमध्ये दोन थरांच्या मधे तपकिरी, फेसाळ, सायीसारखा थर जमू लागेल. तो क्रड. गाळ, सिलिका, रस्त्यावरची धूळ, बुरशी, हवेचे बुडबुडे आणि त्यांत अडकलेलं ऑरगॅनिक यांचा तो खिचडा असतो. थोडा असला तर चालतं. वाढला की सेटलरची जागा खातो, एके दिवशी सरकत पुढच्या टप्प्यात जातो आणि सगळ्या प्लांटचे थर एकाच वेळी बिघडतात.

सेटलरवर झाकण हवंच. बडोद्यात पावसाळ्याआधीची धूळ आठवा. क्रडची जाडी रोज काचेच्या नळीने मोजा आणि ठरवलेल्या जाडीपलीकडे जाऊ देऊ नका. शोषून काढलेला क्रड फेकू नका, त्यात निम्म्याहून जास्त ऑरगॅनिक असू शकतं. वेगळ्या टाकीत ज्यादा ऑरगॅनिक घालून हलवा, बसू द्या, गाळून घ्या.

ऑरगॅनिकचे थर फुटायला लागणारा वेळ वहीतल्या पहिल्या आकड्याच्या दीडपट-दुप्पट झाला की समजा, ते मळलंय. तेव्हा अ‍ॅसिडने सक्रिय केलेली माती उपयोगी पडते. तिचा मूळ कच्चा माल, बेंटोनाइट, आपल्या कच्छमध्येच निघतो. वजनाने एक-दोन टक्के माती, अर्धा तास घुसळण, बारीक गाळणी, मग पुन्हा बीकरची चाचणी. गाळणी हलगर्जीपणे केली तर तीच माती नवा क्रड बनवते. आधी शंभर मिलीवर करून बघा, मग टाकीला हात लावा.

पायरी ६: उतरवणं आणि वीज

भरलेलं ऑरगॅनिक, आणि इलेक्ट्रोविनिंगमधून, म्हणजे विजेने तांबं काढायच्या टाकीतून, परत आलेलं द्रावण: लिटरला तांबं ३५, आम्ल १८० ग्रॅम. आत १५ ग्रॅम तांबं उतरवून ५० वर नेलं की आम्ल साधारण १५७ वर येतं. प्रवाहांचं प्रमाण १५ भागिले २.७, म्हणजे ऑरगॅनिक साडेपाच पट. मिक्सरमध्ये दोन्ही समान ठेवायचे असतात, म्हणून सेटलरमधलं इलेक्ट्रोलाइट मिक्सरमध्ये परत फिरवतात.

इलेक्ट्रोविनिंगला शिसं-कॅल्शियम-कथिलाचे अ‍ॅनोड, स्टेनलेसचे कॅथोड, सुमारे २ व्होल्ट. एक अँपिअर तासाला १.१८६ ग्रॅम तांबं चढवतो. आपल्या २७० ग्रॅमला ९२ टक्के कार्यक्षमतेने २४७ अँपिअर लागतील. चौरस मीटरला २५० अँपिअर धरले तर कॅथोडचा एक चौरस मीटर, आणि किलोमागे दोन युनिटांच्या आत वीज. पत्रा गुळगुळीत बसावा म्हणून थोडा गवार गम, अ‍ॅनोड टिकावा म्हणून लिटरला शे-सव्वाशे मिलिग्रॅम कोबाल्ट. क्लोराइड ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर स्टेनलेसला खड्डे पडतात. लोखंड वाढलं की वीज वाया जाते, म्हणून थोडं इलेक्ट्रोलाइट नियमाने बाहेर काढून पहिल्या टाकीत परत द्यायचं. मँगनीज आत शिरलं तर अ‍ॅनोडवर त्याचं परमँगनेट होऊ शकतं, आणि ते स्ट्रिपिंगला परत गेलं की थेट ऑरगॅनिक जाळतं. सोबत पुरेसं लोखंड असलं तर ते परमँगनेटला आवरतं, म्हणून इलेक्ट्रोलाइटमधलं लोखंड शून्यावर आणायचा हट्टही धरू नका.

पत्र्यावर चॉकलेटी, भुसभुशीत डाग दिसले तर रेक्टिफायरशी झटापट करू नका. ते ऑरगॅनिक बर्न, म्हणजे इलेक्ट्रोलाइटसोबत तेल आलंय. स्ट्रिप सेटलरकडे जा, तिथली कंटिन्युइटी आणि क्रड बघा.

पायरी ७: उरलेलं पाणी आणि पूर

रॅफिनेटमध्ये आम्ल आहे, म्हणून त्याची पहिली जागा लीचिंगच्या, म्हणजे तांबं विरघळवायच्या, टाकीत. नवं आम्ल तेवढं कमी लागतं. जे बाहेर सोडावं लागतं त्याला आधी तेल वेगळं करणारी टाकी, मग चुना. तांब्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे, आणि तेल गेलं तर ईटीपीतले जिवाणू आधी मरतात, मग नोटीस येते. क्रड आणि वापरलेली माती धोकादायक कचऱ्यात जाते, जीपीसीबीच्या (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीपत्रात तिची नोंद हवी. सर्किट बोर्ड घेत असाल तर २०२२ चे ई-वेस्ट नियम लागू होतात. नोंदणीशिवाय बोर्ड विकत घेऊ नका, भाव कितीही चांगला असला तरी.

ऑरगॅनिकच्या टाकीभोवतीचा बंड (गळती अडवणारा बांध) टाकीच्या पूर्ण आकारमानाहून मोठा आणि जोत्यापासून उंच बांधा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं ते आसपासच्या भिंतींवर अजून दिसेल. बंडाची उंची त्या रेघेवरून ठरवा, कारण ऑरगॅनिक पाण्यावर तरंगतं, आणि बंडाच्या तळाचा व्हॉल्व्ह पावसाळाभर कुलूप लावून ठेवा.